‘बाड’ म्हणजे वाईट नव्हे, आणि वुल्फेनाइट लिंबाने धुवायचा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रियात, आल्प्समधल्या ब्लायबेर्ग गावच्या जुन्या शिशाच्या खाणीवरचा प्रवासलेख काल वाचला. (रविवारची पुरवणी कराडात आमच्या गल्लीत सोमवारी येते. त्याविषयी शेवटी.) कागद गुळगुळीत, छायाचित्रे पानभर, लेखकाचा गॉगल लावलेला फोटोही झकास. मजकुराकडे मात्र कोणी पाहिलेले दिसत नाही.

मथळ्याखालीच ओळ आहे, ‘नाव बॅड ब्लायबेर्ग, पण गाव मात्र गुड!’ अहो, जर्मनमध्ये ‘बाड’ म्हणजे स्नान. १९५१ साली तिथल्या रुडॉल्फ शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, खडकातून कोमट पाणी फुटले, पुढे त्याच पाण्यावर गाव आरोग्यस्नानाचे ठिकाण झाले आणि नावाआधी ‘बाड’ लागले. मूळ नाव नुसते ब्लायबेर्ग, म्हणजे शिशाचा डोंगर. या हिशेबाने आपले प्रतिनिधी उद्या दापोलीजवळच्या गरम झऱ्यांच्या उन्हवऱ्याला जाऊन ‘नाव उन्हाचे, पण सावली भरपूर’ असे लिहून येतील.

दुसरे, ‘इ.स. १३३३ पासून येथे शिसे आणि जस्त काढले जाई.’ १३३३ ठीक आहे, त्या वर्षीचा लेखी उल्लेख आहे. तेव्हा हा मुलूख जर्मनीतल्या बांबेर्गच्या बिशपांकडे होता, तो १७५९ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिने विकत घेतला. पण जस्त? ती माणसे गॅलेनाच्या, म्हणजे शिशाच्या धातुकाच्या मागे होती. जर्मनीतल्या फुगर सावकारांनी १४९५ च्या सुमारास जवळच आर्नोल्डश्टाइनला भट्ट्या उभारल्या. तांब्यातली चांदी वेगळी काढायला शिसे लागते, त्यासाठी त्यांना हे गाव हवे होते. जस्ताचे धातुक दिसायला शिशासारखे, पण भट्टीत घातले तर हाती काही लागत नाही, म्हणून जर्मन खाणकऱ्यांनी त्याला ‘ब्लेंड’, म्हणजे फसवणारे, असेच नाव ठेवले. स्फॅलेराइट या ग्रीक नावाचाही अर्थ तोच. कित्येक शतके ते बाजूला फेकले जात होते. जस्ताची वाफ धरून ते गाळण्याची विद्या त्या काळात राजस्थानातल्या झावरला होती, ब्लायबेर्गला नव्हती. एवढी फुशारकी मारण्याजोगी गोष्ट हातात असताना आपल्या लेखकाने ती उलटी करून सांगितली!

हेही मी सोडून दिले असते. छायाचित्र सोडता येत नाही. पान तीनवर ‘ब्लायबेर्गचा जगप्रसिद्ध वुल्फेनाइट’ म्हणून जो टोमॅटोसारखा लालभडक, बोटाच्या पेराएवढा स्फटिक छापला आहे तो ब्लायबेर्गचा नाही. तो लाल रंग ॲरिझोनातल्या रेड क्लाउड खाणीचा. ज्याने दोन्ही एकदा पाहिले आहेत त्याला चष्मा न लावताही कळेल. ब्लायबेर्गचा वुल्फेनाइट मधाच्या रंगाचा, कधी पिवळा, कधी नारिंगीकडे झुकणारा, आणि पत्त्याच्या पानासारखा पातळ. पण हे खनिज पहिल्यांदा नीट वर्णिले गेले ते तिथलेच. फ्रान्झ क्साव्हर फॉन वुल्फेन हे जेझुइट पाद्री त्याच भागातल्या क्लागेनफुर्ट शहरात राहत. गणित-पदार्थविज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत डोंगर पालथे घालायचे. १७८५ मध्ये त्यांनी कॅरिंथियाच्या, म्हणजे ब्लायबेर्ग ज्या प्रांतात आहे तिथल्या, या पिवळ्या शिसे-खनिजावर चित्रांसकट ग्रंथ लिहिला. त्यांच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी, १८४५ मध्ये, खनिजशास्त्रज्ञ हायडिंगर यांनी त्यांचे नाव त्याला दिले. आपल्या लेखात वुल्फेन ‘ऑस्ट्रियन सरदार’ झाले आहेत. घराणे सरदारी होते खरे, पण पाद्री आणि शिक्षक ही त्यांची ओळख कुठे गेली?

मी हे का ताणतो आहे, असे आपणास वाटेल. सांगतो.

माझा मुलगा ऑस्ट्रियातच फिलाख शहरात चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. ब्लायबेर्ग तिथून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. २०१४ मध्ये आम्ही उभयता गेलो होतो. खाण १९९३ मध्ये बंद झाली, पण पर्यटकांसाठी काही भाग उघडा होता. कामगार ज्या लाकडी घसरगुंडीवरून खालच्या पातळीवर उतरत, तिच्यावरून आमच्या सौ. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी घसरल्या. मी जिन्याने उतरलो. बाहेर एका म्हाताऱ्या खाणकामगाराने घरासमोर टेबल मांडले होते. काडेपेटीएवढा पांढरा कॅल्साइट आणि त्यावर वुल्फेनाइटच्या सात-आठ पिवळ्या चकत्या उभ्या. बारा युरो. पैसे घेतल्यावर त्याने चिठ्ठी लिहिली. खनिजाचे नाव, गाव, शाफ्ट, कितवी पातळी, स्वतः कोणत्या वर्षी काढले ते. चिठ्ठी डबीत ठेवली, झाकण लावले, आणि पुन्हा उघडून चिठ्ठी आत आहे ना ते पाहिले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तो म्हणतोय दगड हरवला तरी चालेल, चिठ्ठी हरवू नका.’ मला तेव्हा ती गंमत वाटली.

पुढे आमच्याच गावातल्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी तो मागितला. आयुष्यभर मी शिक्षकी केली, नाही म्हणवेना. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक खडबडीत पांढरा खडा परत आला. ‘सर, फार मळकट होता, म्हणून मामांनी ॲसिडने स्वच्छ करून ठेवला.’ मामा म्हणजे शिपाई, ॲसिड म्हणजे संडास धुवायचे. कॅल्साइट त्यात फसफसून विरघळतो आणि त्यावर उभे असलेले सगळे निखळते. वुल्फेनाइट इतका ठिसूळ की ब्रशसुद्धा लावायचा नसतो. पिशवीच्या तळाशी दोन पिवळे कण होते. चिठ्ठीचे विचारले तर, ‘ती जर्मनमध्ये होती ना, कोणाला वाचता येईना, म्हणून आम्ही मराठीत नवीन केली.’ नवीन चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘स्फटिक (परदेशी)’.

म्हणून आपल्या लेखाच्या शेवटची ‘प्रवाशांसाठी टिप्स’ ही रंगीत चौकट वाचून माझा तोल गेला. ‘खाणीच्या परिसरात मिळणारे खडे घरी आणून लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा, हिऱ्यासारखे चमकतील.’ महोदय, ही शिशाची खाण आहे! त्या खड्यांत शिशाची संयुगे असतात आणि शिशाचे कार्बोनेट आम्लात विरघळते. ते पाणी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात, तो ब्रश बेसिनपाशी. चौकट लिहिणाऱ्याने हे खडे कधी पाहिले नसावेत, याचाच आता दिलासा वाटतो.

आपल्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत ‘पूना, इंडिया’ अशा चिठ्ठीने ठेवलेला असतो. उद्या व्हिएन्नाच्या एखाद्या वर्तमानपत्राने त्याचा फोटो ‘ब्राझीलचा दगड’ म्हणून छापला, तर आपण त्यावर अग्रलेख लिहाल. ब्लायबेर्गच्या बाजूने अग्रलेख लिहायला कराडात मी एकटाच, म्हणून हे पत्र. इतर चुका राहू द्या, निदान त्या लाल फोटोखालचे गाव बदला.

आता पुरवणीचे. मुख्य अंक रविवारी सकाळी साडेसहाला येतो, पुरवणी सोमवारी. वितरकाला विचारले तर ‘वरूनच तशी येते’, वर विचारले तर ‘वितरकाशी बोला’. शब्दकोडे रविवारी पुरवणीत आणि त्याचे उत्तर सोमवारच्या अंकात असते, त्यामुळे आम्हाला दोन्ही एकदमच मिळतात. तेव्हा दुरुस्ती छापणार असाल तर कृपया मुख्य अंकात छापावी. तोवर एखाद्याने खडे लिंबात घातले असतील, त्याला आणखी एक दिवस थांबायला लावू नये.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कराड