सोमवारपासून शाळा, लेकी

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीच्या वर्गात बसणार. तुझा टाइप १ मधुमेह सोबत येणारच. घरी अभ्यास होता तोवर तुझ्या तोंडाकडं पाहिलं की शुगर, म्हणजे रक्तातली साखर, उतरतेय हे मला कळायचं. ओठ पांढरे पडतात, अक्षर ओळ सोडतं, एवढ्याशा गोष्टीवर तू चिडतेस. भरल्या वर्गात हे कुणी टिपणार नाही. तिथं ते तुलाच बोलावं लागेल, आणि त्याच मिनिटाला.

हात थरथरले, घाम फुटला, पोटात एकदम आग पडली, फळ्यावरचं दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना, की हात वर करायचा आणि म्हणायचं, "मॅडम, माझी शुगर लो होतेय." तास संपू दे मग सांगते, असं मनात आणू नकोस. मेंदू साखरेवर चालतो. ती घटली की आधी जातो तो विचार. दहा मिनिटांनी काय करायचं हे ठरवण्याइतकं भान तुला राहीलच असं नाही. आणि बाहेर एकटी जायचं नाही, हातपंपावर किंवा बाथरूमकडं तर अजिबात नाही. बाकावर बसूनच तपासायचं. शुगर मोजायचं मीटर हाताशी नसेल तर न तपासता आधी ग्लुकोज घ्यायचं.

७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर अर्ध्या पेला पाण्यात घालून प्यायची. मी घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्यांत तेवढी मोजून भरली आहे, म्हणजे घाईत चमच्याचा हिशोब नको. तीन बाटल्या दप्तरात, तीन मॅडमच्या कपाटात. कागदाच्या पुड्या मुद्दाम केल्या नाहीत. पावसाळ्यात पावडरीचा दगड होतो आणि मुंग्या कपाट शोधून काढतात. प्यायल्यावर १५ मिनिटं बसून राहायचं आणि परत तपासायचं. अजून ७० च्या वर नसेल तर दुसरी बाटली. वर आली आणि जेवायला तासाभराहून जास्त वेळ असेल, तर डब्यातली अर्धी भाकर खा. या साखरेसाठी इन्सुलिन टोचायचं नाही. मैत्रीण चॉकलेट पुढं करेल, पण त्यातल्या तुपकट अंशामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. लो असताना ते उपयोगाचं नाही, बिस्किटंही नाहीत.

बोट टोचण्याआधी हात धू. बोराचा, उसाचा, गुळाचा चिकटा बोटावर राहिला तर आकडा खोटा वर जातो आणि त्या खोट्या आकड्यावर तू जास्त डोस घेशील. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकाला नाही. मीटरच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद कर. एप्रिलमध्ये मीटर खिडकीतल्या उन्हात ठेवू नकोस. बहुतेक मीटर ४० अंशांच्या पुढं बरोबर चालत नाहीत, आणि आपल्या लातूरकडं पत्र्याच्या खोलीत तेवढं तापतंच.

आता मधल्या सुट्टीतल्या जेवणाचं. इथं चूक होण्याची जागा जास्त आहे, म्हणून नीट वाच. सहावी ते आठवीच्या एका मुलामागं सरकार १५० ग्रॅम तांदूळ देतं. तेवढ्याचा सगळा भात एका ताटात घेतला तर ११५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं होतात. डॉक्टरांनी तुला सध्या १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट इन्सुलिन लिहून दिलंय. म्हणजे एका जेवणाला सात-आठ युनिट लागतील, आणि तू तेवढं खाशील याची खात्री नाही. म्हणून घरची स्टीलची वाटी सोबत ने. त्या वाटीनं एक वाटी खिचडी म्हणजे ३० ग्रॅम, दीड वाटी म्हणजे ४५ ग्रॅम आणि ३ युनिट. खिचडी करणाऱ्या ताईंना सांग, डावाने ताटात नको, या वाटीत वाढा. भूक राहिली तर डब्यातली उसळ किंवा शेंगदाणे आहेत. गोड खीर असेल त्या दिवशी आधी मला फोन लावून विचार. आकडा अंदाजाने धरू नकोस.

आणि वेळ. तुझं जेवणाचं इन्सुलिन जेवणाच्या १५ मिनिटं आधी घ्यायचं असतं, ते घरी. शाळेत खिचडी शिजून पातेलं वऱ्हांड्यात आलेलं डोळ्यांनी पाहिल्यावरच टोच. कधी गॅस संपतो, कधी ताईंना यायला उशीर होतो. सुई आधी आणि जेवण अर्ध्या तासानं असं झालं की शुगर खाली गेलीच. इन्सुलिनच्या पेनला नवी सुई लाव, आधी २ युनिट हवेत सोड, थेंब दिसू दे, मग डोस. दाबून झाल्यावर दहा अंक मोजून सुई काढ, नाहीतर शेवटचा थेंब कातड्यावरच राहतो. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून घरी आण. शाळेच्या कचऱ्यात टाकायची नाही, तिथं पहिलीची लेकरं खेळतात.

चालू पेन ३० अंशांच्या आत २८ दिवस चालतं. उन्हाळ्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या लहान मडक्यात ठेवायचं. बर्फावर कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि डोळ्यांना मात्र चांगलंच दिसतं. कारण नसताना दोन दिवस शुगर वर राहिली तर आधी पेन बदलायचं.

पेन बिघडून ग्रामीण रुग्णालयातून बाटली घ्यायची वेळ आली तर बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाच. तो आकडा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर ती २५ युनिट होतात. उलट केलं तर चारच. सिरिंज भरणारं माणूस मोठं असलं तरी तू विचारायचं.

पीटीच्या तासाला, खो-खोला उतरण्याआधी तपास. १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. २५० च्या वर असेल तर पळू नकोस, पाणी पी आणि मला कळव; लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की शरीरात तयार होणारे घातक पदार्थ, आहेत का ते पाहायचंय. अशा दिवशी तहान लागेल, सारखं बाथरूमला जावं लागेल. त्याची परवानगी हेडसरांना आधीच मागितली आहे. उलट्या होत असतील आणि शुगर वर असेल तर पोटात काही नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नसतं, ते सगळ्यात धोक्याचं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, सकाळी लवकर झेंडावंदन आणि प्रभातफेरी असते. त्या दिवशी उपाशी निघायचं नाही आणि एक बाटली खिशातच ठेवायची. सकाळची शाळा लागली की सगळ्याच वेळा लवकरच्या होतील, तेव्हा तक्ता नवा करू.

मॅडमला एक पान दिलंय, तुलाही माहीत असावं. तू बेशुद्ध पडलीस किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन लावायचा, मग मला.

मुलं विचारतील, जास्त गोड खाल्लं म्हणून झालं का? नाही. शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीनंच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारल्या. यात तुझी चूक नाही, माझी नाही, आणि हे कुणाला लागतही नाही. गावात कुणी झाडपाला देईल, अंगारा लावील, सुई सोडून बघ म्हणेल. अंगारा लावू दे, सुई सुटू देऊ नकोस. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद झालं की काही दिवसांत जीवावर येतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली लेकरं वाचत नसत.

आणखी एक, मान खाली घालून वर्गात जाऊ नकोस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाला शोभेल त्या वर्गात बसवावंच लागतं, आधी शाळेत गेलेलं नसलं तरी. राहिलेला अभ्यास भरून काढायला जादा शिकवणीही त्यातच आहे. गणितातले अपूर्णांक तुझे कच्चे आहेत, ते सरांना पहिल्याच आठवड्यात सांग.

मीटरची बॅटरी काल बदलली. जादाची पट्ट्यांच्या डबीमागं, आतल्या कप्प्यात आहे.

तुझी आई