पांढरी वायर आधी बघ

चेंबूर, मुंबई
२८ सप्टेंबर

प्रिय दिलीप,

तुझा व्हिडिओ काल रात्री पाहिला. ब्रेक दाबला की ट्रेलरचे लाल दिवे धड पेटत नाहीत, नुसते मिणमिणतात. डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा पार्किंग लाईट त्याच्या तालावर नाचतो. यावर तुझ्या इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलले, होल्डर बदलला आणि आता तो गाडीचा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बदलू म्हणतोय! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. त्याला आधी थांबव. बल्ब ठीक आहेत, फ्लॅशरही ठीक असणार. तुझ्या ट्रेलरचा अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, गेलाय.

बॅटरीतून निघालेला करंट दिव्यात गेला की त्याला परत बॅटरीच्या निगेटिव्हला जायला वाट लागते. ती वाट बंद असली तर तो शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून शिरून पलीकडून निघायला बघतो. म्हणून ब्रेकच्या करंटने इंडिकेटर मिणमिणतो आणि इंडिकेटरच्या करंटने पार्किंग लाईट लुकलुकतो. एकाचं बटण दाबावं आणि भलताच दिवा पेटावा, असं दिसलं की दुसरं काही न उघडता अर्थ तपासायचा.

ट्रेलर ज्याने बांधला त्याने अर्थ नुसता चासीला दिलाय, हे तू पाठवलेल्या फोटोत दिसतंय. म्हणजे सगळा करंट टो बारच्या बॉलवरून, ज्यात ट्रेलर अडकवतो त्या लोखंडी गोळ्यावरून, गाडीत परत यायचा. त्या बॉलला आपणच ग्रीस चोपडतो, आणि चासीला पावडर कोटिंग केलेलं, जे वीज जाऊच देत नाही. खड्ड्यात आदळला की क्षणभर धातूला धातू टेकतो आणि दिवे लागतात, पुढच्या वळणावर पुन्हा जातात. तू म्हणालास ना, ‘कधी लागतात, कधी नाही’, ते हेच.

तेव्हा ट्रेलर गाडीला जोडायच्या सात पिनांच्या प्लगमधली ३ नंबरची पांढरी वायर थेट गाडीच्या चासीवर घासून चकचकीत केलेल्या जागी बोल्टने आवळ, आणि ट्रेलरच्या बाजूला प्रत्येक दिव्याच्या निगेटिव्हपर्यंत तिचीच फांदी ने. मागचे दोन ब्रेक लाईट २१-२१ वॅटचे, एक इंडिकेटर २१ चा, दोन पार्किंग ५-५ चे, नंबर प्लेटचा ५. बेरीज ७८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेसहा अँपिअर. जाताना हा करंट वेगवेगळ्या वायरींतून विभागून जातो, परत येताना मात्र सगळा एकट्या पांढरीतून. दादरला सहा फलाटांवरची गर्दी एकाच जिन्याने उतरवल्यावर जे होईल ते त्या वायरीचं होतं. बाकीच्या १ चौरस मिलीमीटरच्या चालतील, पांढरी २.५ ची घे.

आता रंगांचं. गोल सात पिनांच्या सॉकेटवर नंबर कोरलेले असतात, बारीक असतात, मोबाईलचा उजेड पाडून बघ. १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग लाईट, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा पार्किंग, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा पार्किंग. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे तोंड करून ठरवायचं, ट्रेलरच्या मागे उभं राहून नाही. निळीचा भरवसा धरू नकोस, तिथे कुणी रिव्हर्सचा दिवा जोडतं, कुणी मोकळीच सोडतं.

तुझ्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. ट्रेलरच्या नाकाशी चपटा चार पिनांचा कपलर लोंबतोय, तो अमेरिकन पद्धतीचा. तिथे पांढरी अर्थ, तपकिरी दोन्ही पार्किंग, पिवळीवर डावा इंडिकेटर आणि डावा ब्रेक एकत्र, हिरवीवर उजवीकडचे तेच. म्हणजे एकच लाल दिवा ब्रेकलाही पेटतो आणि वळतानाही तोच लुकलुकतो. आपल्याकडे इंडिकेटर वेगळा आणि पिवळसर हवा. रंगाला रंग जोडत गेलास तर तपकिरीवर फक्त उजवा पार्किंग येईल. माझं ऐकशील तर ती चपटी पट्टी कापून टाक, सात कोरची नवी केबल ओढ आणि दोन्ही बाजूंना इंडिकेटरचे स्वतंत्र दिवे बसव. मधे लावायचे कन्व्हर्टर मिळतात, पण मला ते आवडत नाहीत. रात्री घाटात बिघडायला एक डबी वाढली, एवढंच.

गाडीच्या बाजूचं जरा सांभाळून. तुझी जुनी बोलेरो असती तर टेललॅम्पच्या वायरींना सरळ जोड दिला असता. नव्या गाडीत ते दिवे कॉम्प्युटर सांभाळतो. कुठल्या दिव्याला किती करंट जातो हे तो मोजत असतो, आणि दुप्पट लोड दिसला की बल्बची वॉर्निंग देतो नाहीतर ती लाईनच बंद करतो. त्यासाठी रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असलेला ट्रेलर मॉड्यूल घे. तो टेललॅम्पकडून फक्त इशारा घेतो, ट्रेलरच्या दिव्यांचा करंट बॅटरीतून स्वतंत्र वायरीने आणतो. त्या वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज हवाच, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. बॅटरी आणि फ्यूजच्या मधे वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज काही करू शकत नाही. पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, घाल.

ट्रेलरमधल्या फ्रिजची वायर यात मिसळू नकोस. बारा व्होल्टवर तो ८ अँपिअर खाणार. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत जायची-यायची मिळून १४ मीटर वायर धर. एक चौरसच्या वायरीत दोनेक व्होल्ट वाटेतच जातील, फ्रिज नुसता गरम होईल आणि बिअर कोमटच राहील. सहा चौरसची टाक, वेगळा कपलर दे, आणि इग्निशन चालू असतानाच जोडला जाईल असा रिले लाव. नाहीतर तू जेवायला थांबशील आणि परत येशील तेव्हा गाडीला धक्का मारायची वेळ.

वायर साताऱ्यात घेऊ नकोस, मी आणतो. ऑपेरा हाऊसला गाड्यांची मिळते, बारीक तारांची, लवचिक. लोहार चाळीतली घरगुती वायर स्वस्त पडेल, पण ती भिंतीत झोपून राहण्यासाठी केलेली, रस्त्यावरच्या थरथरीत तारा तुटतात. जोड सोल्डर करू नकोस. टाका वायरीत वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि नेमकी त्याच्या कडेला वायर मोडते. वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे लग आणि आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह वापरायची. काळ्या टेपने गुंडाळलेला जोड इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यानंतर उघडून बघ, तांबं हिरवं पडलेलं असतं, आणि तो हिरवा थर इन्सुलेशनच्या आत बोटभर चढलेला असतो. तू दिवाळीत तारकर्लीला न्यायचं म्हणतोयस, तिथे तर समुद्र दाराशीच.

सगळं झालं की ट्रेलर गाडीला न लावता एकटा तपासायचा. सुटी बॅटरी घे, निगेटिव्ह ३ नंबरला, पॉझिटिव्ह एकेका पिनेला टेकव. हवा तोच दिवा पेटला पाहिजे आणि शेजारचा जराही लाल व्हायला नको. मग सगळे दिवे लावून मल्टीमीटरची एक तार दिव्याच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पांढरीत कुठेतरी जोड सैल आहे. प्लगच्या पितळी पिनांना मधोमध चीर असते, ती पात्याने किंचित फाकव, म्हणजे सॉकेटमध्ये घट्ट बसतील.

हे सगळं इतकं ताणून लिहितोय कारण पंधरा-वीस दिवसांत तुमच्याकडे गळीत हंगामाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील. बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीला रात्री अचानक ब्रेक मारायची वेळ तुझ्यावर कितीदा आलीय, आठव. आपल्या ट्रेलरमागून येणाऱ्याला तसं व्हायला नको. आणि कागदांचं बघ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. आरटीओचं काम तुझं तू कर, मी त्यात नाही.

येत्या रविवारी ट्रेलर घेऊनच ये, पण उजेडात. खंबाटकी दिवसा उतर आणि मागे दिवे असलेली मेव्हण्याची गाडी ठेव. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सांगून ठेवलंय, गेटच्या आतल्या पिंपळाखाली दोन दिवस उभा करू देतील. तिसरा दिवस मागू नकोस, आधीच तिथे कुणाची तरी बंद मारुती आहे आणि त्यावरून दर मीटिंगला भांडण. येताना कंदी पेढे आण, वहिनींच्या हातची चटणी आण, आणि त्या बांधणाऱ्याकडे वायरिंगचा कागद असलाच तर तोही.

तुझा,
सुधीर

ता. क. फ्लॅशर घेतलाच असशील तर पाकीट फोडू नकोस, दुकानदार परत घेईल.