कळतं, पण भिडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आत्मप्रेमी (नार्सिसिस्टिक), म्हणजे सतत स्वतःलाच मोठं मानणाऱ्या व्यक्तिमत्त्वावर आलेला लेख वाचला. अशा माणसांना ‘दुसऱ्याच्या भावना कळतच नाहीत’, असं त्यात ठामपणे म्हटलं आहे. माझं आयुष्य विवाह समुपदेशनात गेलं आणि या वाक्याने किती नुकसान होतं ते मी जवळून पाहिलं आहे. बाहेर गोड, समजूतदार दिसणाऱ्या माणसाबद्दल घरातल्या कुणी तक्रार केली की नातेवाईक हाच निकष लावतात. ‘त्याला तर सगळ्यांच्या भावना कळतात, मग तूच काहीतरी चुकत असशील.’

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगते. वडील आजारी असताना आपण त्यांच्याजवळ नाही, ही टोचणी एका बाईला लागून राहिली होती. ती कुणाला बोलली नव्हती, पण नवऱ्याने अचूक ओळखली आणि पुढच्या भांडणात तीच बाहेर काढली. वडील गेले त्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे होता. आलेल्या प्रत्येकाची विचारपूस केली, म्हाताऱ्या माणसांना हात धरून बसवलं. रात्री ती एकटी रडत बसली तेव्हा मात्र म्हणाला, ‘मी दिवसभर राबलो, त्याचं कुणाला काही आहे का?’ तिची बहीण आजही त्याच्याबद्दल ‘देवमाणूस’ म्हणते.

याला भावना कळत नव्हत्या असं कसं म्हणायचं? समानुभूतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात: समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, आणि त्याच्या दुःखाने आपल्यालाही काहीतरी होणं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, आत्मप्रेमी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालेल्या रुग्णांमध्ये पहिली क्षमता बऱ्यापैकी शाबूत आणि दुसरी उणी आढळली. घरच्यांचा अनुभव अगदी हाच असतो. ओळखलेलं दुःख हे त्या माणसाच्या हातातलं हत्यार होतं.

याउलट, आरशापुढे रेंगाळणाऱ्या किंवा स्वतःचे फोटो टाकत राहणाऱ्या प्रत्येकाला हे लेबल लावू नये. १९८० साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात या व्यक्तिमत्त्व विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. आज त्यात नऊ लक्षणं दिली आहेत आणि निदानासाठी त्यांपैकी किमान पाच लागतात, तीही वर्षानुवर्षं टिकलेली. म्हणून लेखाखालची ‘तुमचा जोडीदार असा आहे का?’ ही दहा प्रश्नांची चाचणी मला अजिबात पटली नाही. निदान तज्ज्ञालाच करू द्यावं. आणि सगळेच काही मोठ्या आवाजात फुशारकी मारत नाहीत. काहीजण सतत दुखावलेले, अबोल असतात, आणि त्यांना सांभाळता सांभाळता अख्खं घर दबकून वागू लागतं.

बदल शक्य आहे का, असं मला नेहमी विचारलं जातं. २०१४ मधला एक ब्रिटिश प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. घरगुती हिंसाचार सोसलेल्या बाईची चित्रफीत पाहताना, आत्मप्रेम जास्त असलेल्या सहभागींना फारसं काही वाटत नव्हतं. ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’, असं मुद्दाम सांगितल्यावर त्यांची समानुभूती वाढली. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या एका प्रयोगात, नातं तुटल्याने दुखावलेल्या बाईचं ध्वनिमुद्रण ऐकताना तसंच सांगितल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा वाढले. हे लोक विकाराचे रुग्ण नव्हते, हे खरं. तरीही आशेला जागा आहे. मात्र ही आशा जोडीदाराच्या गळ्यात कामगिरी म्हणून बांधू नका. ‘तूच प्रेमाने समजावून बघ’, हा सल्ला ऐकत बायका (आणि पुरुषही) पार थकून गेलेले मी पाहिले आहेत. बदलायचं ते त्या माणसाने स्वतः उपचार घेऊन.

आपल्या वाचकांत अशा नात्यात अडकलेले बरेच असतील. त्यांना माझी कळकळीची विनंती: समुपदेशकाकडे पहिल्यांदा एकट्याने जा. जोडीने गेल्यावर गोड बोलणाऱ्याचीच बाजू वरचढ ठरते, आणि तुम्ही तिथे मोकळेपणाने सांगितलेलं घरी गेल्यावर तुमच्यावरच उलटू शकतं. मारहाण किंवा धमक्या असतील, तर जोडीने समुपदेशन नकोच. आधी सुरक्षित ठिकाणी जाण्याची सोय बघा.

आपली,
एक निवृत्त विवाह समुपदेशक