दिवाळी अंक कोजागरीला हातात हवा

महोदय,

स्थानिक साहित्य मंडळांचे बरेच दिवाळी अंक भाऊबीज उलटल्यावर बाहेर पडतात आणि खापर छापखान्यावर फुटते. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवावा लागे. आज तो त्रास नाही, तरी उशीर आहेच. तो होतो संपादकांच्या टेबलावर.

अंक खपतो तो कोजागरी ते लक्ष्मीपूजन या पंधरवड्यात. तिथून उलटे मोजावे. घटस्थापनेला अंतिम फाइल छापखान्यात, कारण याच दिवसांत तिथे कॅलेंडरे आणि इतरांचे अंकही रांगेत असतात. त्याआधीचा पितृपंधरवडा मुद्रिते, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासायला. (शुद्धलेखनाला पितृपक्ष वर्ज्य नाही.) म्हणजे साहित्य अनंत चतुर्दशीला बंद. त्यानंतर आलेली कविता, मग ती अध्यक्षांची का असेना, पुढच्या वर्षी.

पानांची संख्या जाहिराती मोजून शेवटी ठरवू नये. छापखान्याचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) 16 पानांचा की 8 पानांचा, हे आधी विचारावे. 16 चा असेल तर 128 पानांचे आठ फॉर्म होतात. शेवटच्या दिवशी दोन जाहिराती वाढल्या की 130 होतात आणि त्या दोन पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी घडी. त्यापेक्षा दोन पानांचे हलके सदर राखून ठेवावे. जाहिरात आली की ते काढता येते.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो फॉन्ट. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नेताना रफार शेजारच्या अक्षरावर चढतो, पहिली वेलांटी एक घर सरकते. हे निदान डोळ्यांना खुपते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले, तर शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर गप्प बसते. दोन्ही शब्द बरोबरच. अशा जागा माणसालाच शोधाव्या लागतात. म्हणून मुद्रित कागदावर काढावे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून पाहावे. ज्याने टंकन केले त्याला यापैकी काहीही देऊ नये, त्याला आपली चूक दिसत नाही.

कवितेचे हाल वेगळेच. फॉन्टच्या रूपांतरात कडव्यांमधली मोकळी ओळ उडते आणि मुक्तछंदाचा परिच्छेद होतो. प्रत्येक कवितेसोबत कवीकडून मूळ प्रतीचा फोटो मागवावा. रकान्यात न मावणारी ओळ मोडली तर तिचा उरलेला भाग आत सरकवावा, नाहीतर ती नवी ओळ वाटते.

चित्रांबद्दल थोडक्यात: पाच इंच रुंद छापायचे तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 1500 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आकसून येतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मागवावा. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर कापणीसाठी कडेबाहेर 3 मिमी जास्तीचे ठेवावे.

शेवटचे मुद्रित हातात आले की लेख पुन्हा वाचत बसू नये. शीर्षके, लेखकांची नावे आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे तेवढे ताडून पाहावेत. आतल्या पानावर ‘कुलकर्णी’ आणि अनुक्रमणिकेत ‘कुळकर्णी’ हा प्रकार तिथेच सापडतो.

– एक मुद्रितशोधक