'बर' आणि 'बरं' : आमच्या अक्कोरुंना पत्र

आदरणीय अक्कोरु,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता असं उघड्यावर लिहितेय, कारण यातलं थोडं तुमच्यासाठी आहे आणि थोडं आमच्या गावच्या आई-बापांसाठी. तुम्ही रागावणार हे ठाऊक आहे. "नन्न हेसरु हाकबेडा" असं तुम्ही फोनवर आधीच बजावलंत, म्हणून नाव घालत नाही. तसंही शाळेत तुमचं नाव किती जणांना माहीत होतं? बाकीच्या सगळ्या बाई, आणि कन्नड शिकवणाऱ्या तुम्ही एकट्या अक्कोरु.

निमित्त झालं एका 'बर'चं.

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या युनिटमध्ये आयटीआय झालेला एक पोरगा अप्रेंटिस म्हणून लागला. खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेतला. आमच्याकडं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी होतात. ड्रिल मारल्यावर भोकाच्या कडेला धातूची बारीक धार उभी राहते, तिला आम्ही बर म्हणतो. पहिल्या दिवशी मी एक जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला तुकडा, नखानं चाचपला आणि म्हटलं, "बर आहे." त्यानं मान हलवली आणि जॉब पास झालेल्या ट्रेमध्ये ठेवला. दुसरा उचलला. "इथंपण बर आहे." तोही ट्रेमध्ये. असे अकरा जॉब गेल्यावर माझी ट्यूब पेटली. पोराला 'बरं आहे' ऐकू येत होतं!

ऑपरेटर पोट धरून हसले. मीही हसले, पण आधी तो ट्रे रिकामा केला. ती धार आत राहिली तर तेलाच्या दाबानं तुटते. आतला स्पूल (तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा सरकता दांडा) आणि त्याचं भोक यांच्यातली फट असते काही मायक्रॉनची, माणसाचा केस तिच्या कितीतरी पट जाड. एक कण अडकला की स्पूल जाम, आणि कुठल्यातरी साइटवर खोदाईच्या मशीनचा हात उचललेला तो तसाच हवेत.

आणि पोराला धार माहीत नव्हती असंही नाही. खुरप्याला कानस मारली की पात्याची कड पलीकडं वळते, ती त्यानं लहानपणापासून अंगठ्यानं बघितलेली. मी विचारलं तर लगेच म्हणाला, "ती होय मॅडम? ती आमी दगडावर घासून काढताव की." वस्तू माहीत होती, ती काढायची कशी तेही माहीत होतं. शब्द तेवढा नव्हता. मी कॅन्टीनमधून एक वही आणवली, पट्टीनं दोन उभ्या रेघा मारल्या आणि त्याच्या हातात दिली. रेघा मारताना तुमची आठवण झाली, म्हणून हे पत्र.

आठवीत तुम्ही आम्हाला अशीच दोनशे पानी वही करायला लावली होती. डावीकडं मराठी, मध्ये कन्नड, उजवीकडं इंग्रजी. खरं तर तुमच्याकडून कुणाचीच ती अपेक्षा नव्हती. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, मराठी १२५ गुणांची, कन्नड १०० गुणांचं. त्या शंभरातले ३५ पडले की सुटलो, हे तेव्हाचं गावाचं गणित. घरोघरी एकच सांगणं, "कन्नड पास हो, बास." तुम्ही मात्र आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द कन्नडच्या तासाला घेऊन बसायचात. पोर्शन मागं राहतो म्हणून तुम्हाला स्टाफरूममध्ये काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आम्हाला नंतर कळलं.

त्या वहीतलं एक पान मला आजही डोळे मिटून दिसतं. मराठीत भिंग, मधल्या रकान्यात मसूर. वर्ग खिदळला. एकानं बाकाखालून "आमटी, आमटी" केलं. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीतून अख्खे मसूर आणलेत, प्रत्येकाच्या तळहातावर दोन-दोन दाणे ठेवलेत आणि म्हणालात, "आडवा धरून बघा. दोनी बाजूला फुगला की नाही?" मग तिसऱ्या रकान्यात लेन्स लिहून सांगितलंत की लॅटिन भाषेत लेन्स म्हणजेसुद्धा मसूरच. बहिर्वक्र भिंगाची आकृती मला त्यानंतर कधी पाठ करावी लागली नाही. मसूर निवडायला घेतले की अजून हसू येतं.

जिथं शब्द सारखा आणि अर्थ वेगळा, तिथं तुम्ही लाल शाईनं चौकट करायला लावायचात. 'अवसर' मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई. 'अनुमान' आमच्या प्रयोगवहीत शेवटी लिहायचं, आणि तुमच्याकडं अनुमान म्हणजे शंका. (प्रयोग झाल्यावर आम्हाला शंकाच उरायची, त्यामुळं तो शब्द दोन्हीकडं चालला.) 'उद्योग' मराठीत धंदा-कारखाना, नाहीतर पोरांचे 'नसते उद्योग', कन्नडमध्ये मात्र उद्योग म्हणजे नोकरी, आणि कारखानदारीला उद्यम. उद्यमबागेच्या बोर्डाखालून मी रोज उद्योगाला जाते, ते कुठल्या भाषेत जाते हे अजून ठरवलेलं नाही.

या वहीनं माझं सगळं सोपं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दहावीनंतर डिप्लोमाला गेले, मेकॅनिकलला, आणि पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटले. सगळं इंग्रजीत. व्हर्नियर हातात देऊन एका लेक्चररनी विचारलं, लीस्ट काउंट किती? मला 'लघुतम माप' माहीत होतं, ०.०२ मिलिमीटर हे उत्तरही माहीत होतं. प्रश्नच कळला नाही. "मराठी मीडियम?" असं त्यांनी विचारलं आणि वर्ग हसला. त्या सेमिस्टरला माझे दोन विषय गेले. माझ्याबरोबरची एक जण पुढं महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या दाखल्यावर महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला गेली. मला वाटायचं, आपणही दहावीनंतर अकरावीच करायला हवी होती, निदान गोतावळा तरी मराठी असता. कॉलेजबाहेरच्या कॉइन बॉक्सवरून तुम्हाला फोन केला. रुपया संपेपर्यंत मी रडत होते. दुसरा रुपया टाकल्यावर तुम्ही दोनच वाक्यं बोललात, "रोज पाच शब्द लिही. अवसर माडबेडा."

दोन्ही विषय पुढच्या खेपेला सुटले. पण तुम्हाला सांगते अक्कोरु, त्या वर्गातली इंग्रजी माध्यमातून आलेली काही मुलं 'लीस्ट काउंट' फाडफाड म्हणायची आणि व्हर्नियर उलटा धरायची. आमच्या गावच्या पोरांचं नेमकं उलटं. हाताला सगळं येतं, तोंडाला काही येत नाही. मुलाखत मात्र तोंडाचीच असते.

हाताला कुठून येतं, हे तुम्ही जेवढं ओळखलंत तेवढं आमच्या माणसांनीही ओळखलं नाही. वैशाखात शिवजयंती आली की आमच्या मंडळाच्या शेडमध्ये महिनाभर चित्ररथाचं काम चालायचं. गाववाल्यांच्या लेखी तो पोरांचा टाइमपास, अभ्यास बुडवायचा बहाणा. तुम्ही एकदा संध्याकाळची बस चुकली म्हणून त्या शेडमध्ये येऊन बसलात. माझा चुलतभाऊ थर्माकोलचा बुरूज कापत होता. नववी नापास. तुम्ही त्याला विचारलंत, खरा बुरूज केवढा, तुझा केवढा, आणि हे माप तू कुठून काढलंस? तो गोंधळला, पण त्यानं सांगितलं. ट्रॉलीची रुंदी धरून, वर विजेच्या तारा किती उंचावर आहेत ते बघून, फोटोवर दोऱ्यानं मोजून. तुम्ही पर्समधून पेन काढलंत आणि थर्माकोलच्याच तुकड्यावर लिहिलंत: प्रमाण, स्केल. कन्नड शब्दही लिहिला होता, तो तुकडा नंतर रथावर चढला.

तो भाऊ आज एका फौंड्रीत पॅटर्नशॉपला आहे. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. त्याच्याकडं आकुंचन धरूनच आखलेली पट्टी असते. ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यानं मला फोन केला होता. म्हणाला, "अगं, ही पट्टी खोटं मोजते आणि माल खरा येतो!" बेळगावच्या मिरवणुकीत रात्रभर ट्रॅक्टरमागं चालणाऱ्या त्या रथांवर वेल्डिंग, वायरिंग, रंग, आवाज, गर्दी सांभाळणं, वर्गणीचा हिशोब, सगळं पोरं शिकतात. मात्र त्याचा दाखला कुणी देत नाही, आणि पोरांना स्वतःलाही ते शिक्षण वाटत नाही. भावाला अर्जात 'अनुभव' या ओळीपुढं चित्ररथ लिहायला तुम्ही लावलंत. आम्ही सगळे हसलो होतो. मुलाखतीला त्यावरच प्रश्न आला.

माझ्याबाबतीत वाट अडवली होती ती घरानं. अप्पांचं ठरलेलं होतं, पोरीनं डीएड करावं आणि मास्तरीण व्हावं. बाईच्या जातीला शोभेल, सुट्ट्या मिळतील, लग्नालाही बरं पडेल. फॅक्टरीत पोरगी म्हणजे काय, लोक काय म्हणतील. तुम्ही आमच्या सोप्यात येऊन बसलात. आईनं चहा दिला, बशीत कुंदा ठेवला. तुम्ही कुंदा संपेपर्यंत विषयच काढला नाहीत. मग अप्पांना म्हणालात, "मास्तरीण मी झालो. तिला दुसरं येतंय, ते करू दे." अप्पा त्या 'झालो'वर हसले. वास्तविक आमच्या बायकाही 'मी आलो, मी जेवलो'च म्हणतात. पत्र लिहितेय म्हणून मी 'आले, गेले' करतेय, नाहीतर बोलताना मीही आलोच. पण अप्पा हसले आणि तिथंच त्यांचा राग उतरला. दुसऱ्या दिवशी डिप्लोमाचा फॉर्म आणला.

तुमच्याबद्दल गावात बोललं जायचं, ते तुम्हाला माहीत होतंच. १ नोव्हेंबरला शहरात लाल-पिवळे झेंडे, राज्योत्सवाची मिरवणूक. आमच्याकडं काळा दिन, बाजार बंद. १९५६ ला बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलं, त्याचं दुखणं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. आम्ही बेळगावच म्हणतो. त्या दिवसाच्या आसपास पोरं तुमच्याशी कन्नड बोलायला बिचकायची, घरून तसं सांगितलेलं असायचं. तुमच्या बैलहोंगलच्या पाहुण्यांना वाटायचं तुम्ही मराठ्यांच्या गावात राहून मराठीच झालात. २ नोव्हेंबरला तुम्ही वर्गात येऊन फळ्यावर तीन रकाने आखायचात, कालचा दिवस कॅलेंडरमध्ये नव्हताच असं. माझं मत विचाराल तर आमचं म्हणणं मी सोडलेलं नाही, आणि तुम्ही ते सोड म्हणालाही नाहीत. तक्रार आहे ती दोन्हीकडच्या व्यासपीठांविषयी. पाटीवर काय लिहावं यावर भाषणं किती ऐकली, आणि मराठी शाळेतली पोरगी डिप्लोमाचं पुस्तक उघडल्यावर काय वाचणार, यावर एकही नाही.

आता आमच्या गल्लीतून सकाळी तीन पिवळ्या व्हॅन जातात, इंग्लिश मीडियमच्या. माध्यम सरकारनं लादायचं नाही, पालकांनी निवडायचं, असं २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आणि आमच्या पालकांनी निवडलं. त्यांना दोष देववत नाही. व्हर्नियरचा तो दिवस मीच घरी सांगितला होता. माझी पुतणीही त्यातल्याच एका व्हॅनमध्ये बसते. परवा तिला अंगणात बसून विचारलं, डेन्सिटी म्हणजे काय? 'मास पर युनिट व्हॉल्यूम,' तिनं एका दमात म्हटलं. मग पावशेर चुरमुरे आणि पावशेर गूळ समोर ठेवून विचारलं, यातलं जास्त घनतेचं काय? ती माझ्याकडं बघत राहिली. रविवारपासून तिलाही वही घातली आहे. तिच्या वहीत मात्र डावीकडचा रकाना रिकामा राहतो, तो आजीकडून भरून आणायचा असं सांगितलंय. आजीला घनता येत नाही, पण तांदूळ सुपात घेऊन पोचट दाणे कसे वेगळे होतात ते तिनं दाखवलं. आमच्याकडं बासमतीचं रान आहे, सूप काही खोटं बोलत नाही.

आज मी इन्स्पेक्शनला आहे. ड्रॉइंग इंग्रजीत, गिऱ्हाइकाचे मेल इंग्रजीत. मशीनवर हुक्केरी-गोकाकची माणसं कन्नडमध्ये, फेटलिंगला (ओतकामावरचा जादा धातू घासून काढायला) आलेली पोरं हिंदीत, मालक मराठीत. रिजेक्शन का झालं हे या सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगणं, याचा मला पगार मिळतो. मोजायचं मशीन तर कुणीही शिकतं.

तेव्हा आभार. मसुराच्या पुडीचे, दुसऱ्या रुपयाचे, आणि सोप्यातल्या त्या 'झालो'चे.

एक काम आहे. अप्रेंटिसच्या वहीतली पहिलीच ओळ अडलीय. तिसऱ्या रकान्यात बर लिहिलंय. पहिल्यात आम्ही दोघांनी मिळून 'उभी धार' घातलंय, ते चालेल का बघा. मधला रकाना कोरा आहे. इथले कन्नड ऑपरेटरही बरच म्हणतात, त्यांना विचारून झालं. तुमच्या भावाचं बैलहोंगलला लोहाराचं दुकान होतं ना? त्यांना विचारून ठेवा. रविवारी फोन करते.

तुमची,
आठवी 'ब', खिडकीकडचा तिसरा बाक