मंगळवेढ्याची ज्वारी, होटगी रोडचं हॉटेल

सोलापूर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि विषय तिथंच संपतो. पण परवा जे जेवलो ते एका "हो"त मावणारं नाही. शिवाय बाबांशी जरा व्यवहाराचं बोलायचंय आणि फोनवर त्यांना निम्मं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. बाबा, बिलाचा आकडा शोधत आधीच शेवटाकडे जाऊ नका.

वन्सं आणि त्यांचे मिस्टर हैदराबादहून आले होते. होटगी रोडला नवीन फ्यूजन रेस्टॉरंट झालंय, तिथंच जायचं असा त्यांचा हट्ट. फ्यूजन म्हणजे दोन-तीन मुलखांचं जेवण एका ताटात. आई, लगेच नाक मुरडू नकोस. तुझ्या शेंगाचटणीतल्या शेंगा आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि बाबांची ज्वारी आफ्रिकेतली. आपल्या चुलीवर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, फक्त त्याचं कुणी बिल लावलं नव्हतं.

आत शिरलो तर हा गलका! एक पोरगा माइकवर जुनी हिंदी गाणी नव्या चालीत म्हणत होता. शेजारच्या लांबलचक टेबलावर तेलुगू मंडळी होती, आजोबांचा वाढदिवस. वेटर त्यांच्याशी तेलुगूत, पलीकडच्यांशी कन्नडात आणि आमच्याशी मराठीत बोलत होता, तेही ट्रे हातात घेऊन पळता पळता. त्यांच्या आजीबाईंनी चटणीबरोबर दही मागितलं, तर त्यानं पुदिना घातलेलं काहीतरी घट्ट हिरवं आणून ठेवलं. आजीबाईंनी वाटी परत सरकवली आणि "साधं दही" असं इतक्या ठामपणे सांगितलं की दोन मिनिटांत आलं. मग मीही मागून घेतलं.

आता मुद्द्याचं. मेनूत "मिलेट टॅको", म्हणजे भरडधान्याचा टॅको होता, तीन नगांचे 375 रुपये. लाकडी फळीला खाचा पाडलेल्या आणि त्यांत तळहाताएवढ्या तीन कडक भाकऱ्या दुमडून उभ्या केलेल्या. कडक भाकरी दुमडते कशी, हे मला कळेना. विचारलं तर समजलं, ती तव्यावरून मऊ असतानाच लाटण्यावर पालथी घालतात आणि तशीच मंद आचेवर सुकवतात. आत अव्होकाडोचा गर, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि वर शेंगाचटणी. चटणी उखळात कुटलेली होती, मिक्सरमधली नव्हे. तेल सुटून बोटांना लागत होतं. भाकरी कडाकडा मोडली, आणि चावता चावता मागाहून तो दाण्याचा गोडवा आला. बाबा, मालदांडी ज्वारीच असणार. तुमची लेक एवढं तर ओळखते.

मेनूत प्रत्येक गोष्टीचं गाव दिलेलं. कॉफी चिकमगळूरची, आंबेमोहोर मुळशीचा, डाळिंबसुद्धा सांगोल्याचं! आणि ज्वारीपुढं नुसतं "मिलेट". सांगोल्याचं नाव छापायचं आणि शेजारच्या आपल्या मंगळवेढ्याचं नाही, हे मला झोंबलं. मॅनेजरला बोलावून घेतलं. (तुमचे जावई तोवर दुसरीकडे बघत होते.) ज्वारी कुठली विचारलं तर म्हणाला, "मार्केट यार्डातून येते." मग मी त्याला सगळं ऐकवलं: आपली काळी जमीन, परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि थंडीवर वाढणारं पीक, 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. बिचारा उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, एका घरची, निवडलेली मिळाली तर आम्ही घेऊ. आधी थोडी पाठवा."

बाबा, हिशेब बघा. तीन टॅकोंत मिळून पन्नास ग्रॅम पीठ असेल. मालदांडीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये, म्हणजे ती दोन रुपयांचीही ज्वारी नाही. उरलेले पैसे जागेचं भाडं, एसी, तो गाणारा पोरगा आणि भाकऱ्या थापायला येणाऱ्या बायका यांत जातात. त्यांनी लुटलं असं मी म्हणणार नाही. मी आवडीनं खाल्लं आणि परत खाईन. पण ज्याची ज्वारी त्याच्या गावाचं नाव तरी छापा, आणि यार्डातल्या दरापेक्षा चार पैसे जास्त द्या, एवढंच.

तुम्ही म्हणाल, नाव काय, कुणीही छापेल. तसं नसतं. ते नाव लावून माल विकायचा तर आपली "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंद लागते. चेन्नईच्या जीआय कार्यालयाकडे अर्ज जातो, आणि 2020 पासून त्याची फी फक्त 10 रुपये आहे. आपल्याकडे कुणी कुणी नोंद केलीये ते तेवढं विचारून ठेवा. सातबारा आणि आधारची झेरॉक्स मला पाठवा, अर्ज मी भरते. "आता या वयात कुठं" हे उत्तर चालणार नाही. दगदग माझी आहे, तुमची फक्त सही.

सगळंच छान होतं असं समजू नका. "हुरडा रिसोटो" नावाचा प्रकार मागवला आणि पस्तावलो. कोवळा दाणा लोणी आणि चीजमध्ये रटरट शिजवून त्याची पेज केलेली. हुरड्याची गूळभेंडी ज्वारी तर नव्हतीच, फ्रीजरमधला हुरडा असावा. वन्संना आवडला, त्यांनी आगटीवरचा खाल्लेला नाही. त्यांना रानात घेऊन या असं जावयांना बजावलंय.

आणि बिल. चौघांचे चार हजाराला थोडे कमी, निम्मे आम्ही दिले. त्यात पाच टक्के जीएसटी ठीक, पण खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला. ग्राहकावर तो लादता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 चीच सूचना आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच म्हटलंय. मी काढायला सांगितला, त्यांनी मुकाट काढला. त्या तीन भाषा बोलणाऱ्या वेटरच्या हातात मात्र पैसे दिले. बाबा, हे तुमच्याकडूनच आलंय.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला याल तेव्हा तुम्हा दोघांना तिथं नेणार आहे, दुपारी. गाणं-बजावणं संध्याकाळीच असतं. आई, टॅको ताकात बुडवून खाल्लास तरी कुणी काही म्हणणार नाही. बाबांची कवळी जपायची तर तेच बरं.

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला निघताना पाच किलो ज्वारी आणा, गेल्या सुगीची, नव्याची वाट बघू नका. खडे नीट निवडा आणि पिशवीवर वाणाचं नाव लिहा. मॅनेजरला सोमवारचा शब्द दिलाय.

तुमची,
लेक