व्हेंटिलेटर मोजता, तशी पेशंटची उंचीही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : व्हेंटिलेटर किती आहेत? करोनाच्या दोन वर्षांत हा शब्द गावोगावी पोहोचला आणि तेव्हापासून चर्चा आकड्याशीच थांबते. आकडा विचारायलाच हवा. पण यंत्र लावल्यावर पहिल्या तासात त्यावर काय सेट केलं, रोज सकाळी गुंगी उतरवून पाहिली का आणि रात्री त्या खाटेपाशी कोण होतं, यावर पेशंट घरी परतणार की नाही हे बरंचसं ठरतं. भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभागात काम करणारे आम्ही काही जण त्याबद्दल लिहीत आहोत.

औषधं लागू पडून आजार ओसरेपर्यंत श्वासाचं ओझं यंत्र उचलतं, एवढंच त्याचं काम. ते उचलताना यंत्र फुप्फुसाला इजाही करू शकतं. गंभीर न्यूमोनियात किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावर वायुकोशांत पाणी साठतं आणि हवा घेऊ शकेल असा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. त्यात मोठ्या माणसाचा पूर्ण श्वास ढकलला की उरलेसुरले चांगले वायुकोशही ताणून फाटतात, सूज वाढते आणि तिचा मार मूत्रपिंडापर्यंत जातो. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात एका गटाला दर श्वासाला किलोमागे १२ मिली हवा दिली, दुसऱ्याला ६ मिली. पहिल्या गटात मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्के होतं, दुसऱ्यात ३१. हा फरक पडायला नवं औषध लागलं नाही, नवं यंत्रही लागलं नाही.

मात्र हा ‘किलो’ काट्यावरचा नव्हे. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही, ते उंचीच्या हिशेबात असतं. म्हणून उंचीवरून वजन काढायचं : सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करा, उरेल त्याला ०.९१ ने गुणा आणि पुरुष असेल तर त्यात ५०, बाई असेल तर ४५.५ मिळवा. १५२ सेंटिमीटर उंचीच्या, ८० किलो वजनाच्या बाईंचं हे वजन ४५ किलो भरतं. त्यांना दर श्वासाला सुमारे २७० मिली हवा पुरते. काट्यावरचं वजन धरलं तर ४८० मिली होतात, म्हणजे किलोमागे साडेदहाच्या वर, त्या अभ्यासातल्या धोक्याच्या गटाच्या अगदी जवळ. सवयीने ५०० वर ठेवलेलं यंत्र तर ११ मिली देतं. आपल्याकडच्या बुटक्या बायकांना या चुकीचा फटका सगळ्यात जास्त बसतो.

चूक होते कुठे? केसपेपरवर उंची लिहिलेलीच नसते. पेशंट रात्री दोनला येतो, वजन नजरेने ठरतं आणि आधीच्या पेशंटचं सेटिंग तसंच पुढे चालू राहतं. यावर उपाय हार्डवेअरच्या दुकानात मिळतो : तीन मीटरची पोलादी टेप. शिंप्याची टेप दीडच मीटरची असते, तिने काम होत नाही. खाट सपाट करायची, गुडघे सरळ करायचे, डोक्याच्या टोकापासून टाचेपर्यंत बाजूने मोजायचं आणि आकडा यंत्रावर चिकटपट्टीने लावून ठेवायचा. पाय आखडलेले असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज काढता येतो.

हवेचं प्रमाण ठरलं की दाब बघायचा. श्वास आत गेल्यावर यंत्र अर्धा सेकंद रोखून धरलं की जो दाब दिसतो तो प्लॅटो प्रेशर, तो ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाच्या आत हवा. वर चढणारा सर्वोच्च दाब खूप आणि प्लॅटो नॉर्मल असेल तर दोष वाटेत आहे : श्वासनलिकेत घातलेली नळी वाकली, कफाने भरली, पेशंटने ती चावली किंवा दम्याने श्वासनलिका आवळल्या. दोन्ही चढले तर फुप्फुस कडक झालंय, नळी एकाच फुप्फुसाच्या बाजूला उतरलीय किंवा छातीत हवा सुटलीय. अशा वेळी अलार्म नुसता गप्प केला की पेशंट हातचा जातो. पेशंट ढासळत असेल तर आधी यंत्र सोडवून अंबू बॅग म्हणजे हाताने दाबायची पिशवी, तिने श्वास द्यायचा आणि मग कारण शोधायचं.

कोल्हापूरच्या आयसीयूत आणखी दोन प्रकारचे पेशंट नेहमी असतात, त्यांच्याबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे : कीटकनाशक पोटात गेलेले आणि मण्यार चावलेले. दोघांचंही श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे अडतं. कीटकनाशकाचा पेशंट विषावरचा उतारा असलेल्या अ‍ॅट्रोपिनने सुधारलेला दिसतो आणि २४ ते ९६ तासांत अचानक श्वास थकतो. त्याची पहिली खूण मानेत दिसते, उशीवरून डोकं उचलता येत नाही. म्हणून या चार दिवसांत दर काही तासांनी त्याला डोकं उचलायला सांगायचं आणि त्याला लवकर वॉर्डात हलवायचं नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूणही धड दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. झालेली ही इजा प्रतिविषाने भरून येत नाही, टोकं पुन्हा सावरायला कित्येक दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटरच त्याला जगवतो. विषबाधा जोरात असेल तर बाहुल्याही हलत नाहीत आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. आत माणूस जागा असू शकतो. त्याला ऐकू येत असतं. त्याच्या खाटेशेजारी ‘आता काही राहिलं नाही’ असं बोलणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि त्या समजुतीने उपचार थांबवणं ही घोडचूक.

इथून गुंगीच्या औषधाकडे येतो, कारण आमच्या मते सगळ्यात जास्त दिवस तिथेच वाया जातात. मिडाझोलाम दिवसेंदिवस चालू राहिलं की शरीरात साठतं, मूत्रपिंड बिघडलेल्या पेशंटमध्ये तर अधिकच, आणि औषध बंद केल्यावरही दोन-दोन दिवस माणूस डोळे उघडत नाही. २००० साली शिकागोत १२८ पेशंटवर झालेल्या अभ्यासात रोज एकदा गुंगी बंद करून उठवलेल्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. २००८ मध्ये ३३६ पेशंटवर पुढचा अभ्यास झाला. त्यात रोज सकाळी उठवणं आणि स्वतःहून श्वास घ्यायला लावणं ही जोडी लावली, तेव्हा पुढच्या वर्षभरातले मृत्यूही कमी झाले.

पद्धत अवघड नाही. झटके चालू असतील, स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल, मेंदूत दाब वाढलेला असेल किंवा हृदयाला रक्त कमी पडत असेल तर त्या दिवशी उठवायचं नाही. बाकीच्यांची गुंगी सकाळी बंद करायची. डोळे उघडून हात दाबला की ३० मिनिटं यंत्राचा आधार अगदी कमी करून बघायचं. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेला, ऑक्सिजन ८८ च्या खाली आला किंवा घाम फुटून माणूस तडफडू लागला तर परत आधार द्यायचा. गुंगी पुन्हा लागलीच तर आधीच्या निम्म्या डोसवर सुरू करायची. नळी काढण्यापूर्वी खोकला जोरदार आहे का आणि तासाला किती वेळा कफ ओढावा लागतो, हेही बघायचं.

मग हे होत का नाही? जागा झालेला पेशंट नळी उपसून काढेल, ही भीती खरी आहे. रात्रपाळीला एक सिस्टर चार खाटा सांभाळत असेल तर ती हात बांधेल आणि डोस वाढवेल. तिला दोष देता येत नाही. माणसाची जागा औषधाने भरून काढली जाते, एवढाच त्याचा अर्थ. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक परिचारिका हवी. कफ ओढणं, नळीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटरमध्ये ठेवणं, डोक्याकडची बाजू ३० अंश उचललेली राखणं, तोंड साफ करणं, कूस बदलणं, हे काम यंत्र करत नाही. पेशंटला पालथं झोपवायचं तर चार-पाच जण लागतात आणि त्यातला एक फक्त नळी धरून डोक्याशी. २०१३ च्या फ्रेंच अभ्यासात गंभीर पेशंटना रोज निदान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर आले होते.

अतिदक्षता विभागाची सुरुवातच मुळी माणसांच्या हातांनी झाली. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, पहिल्या तीन आठवड्यांत तेव्हाच्या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ पैकी २७ पेशंट दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छिद्र करून नळी घातली आणि रबरी पिशवीने हाताने श्वास द्यायला लावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणून यंत्र मंजूर करताना त्याच कागदावर परिचारिकांची पदं मंजूर करावीत, ही आमची प्रशासनाकडे मागणी आहे.

रुग्णवाहिकेबाबतही थोडं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरपेक्षा जास्त. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला १० लिटरने तो अडीच तासांत संपतो. घाटात, पावसात, वळसा पडला तर तेवढा पुरत नाही. भरलेला दुसरा सिलिंडर आणि त्याची चावी गाडीत असलीच पाहिजे. बॅग दाबणाऱ्याने दर पाच-सहा सेकंदांना एकदा, छाती जेमतेम उचलेल इतकीच दाबावी. घाबरून भराभर दाबली की रक्तदाब कोसळतो.

नातेवाइकांना एकच विनंती. आयसीयूत येताना पेशंटची खरी उंची सांगा, त्याचा चष्मा आणि कानाचं यंत्र घेऊन या. गुंगी उतरताना काही दिसत नाही, ऐकू येत नाही म्हणून माणूस बिथरतो. चष्मा लावून द्या, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, घरी कोण वाट बघतंय ते त्याच्या कानाशी सांगा.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे काही भूलतज्ज्ञ व परिचारिका,
कोल्हापूर